विश्वास-संपादनाचा महिना

समाजकार्य महाविद्यालयात बाईंना पाठीमागे सगळे 'तासबाई' म्हणत, आणि हे बाईंना चांगलं ठाऊक होतं. ठाऊक असून त्यांनी कधी मनाला लावून घेतलं नाही. उलट आतून जरा छानच वाटायचं. विद्यार्थ्यांना आठवड्यातून दोन दिवस, मंगळवारी आणि शुक्रवारी, फील्डवर्कला धाडायचं, कुणाला दवाखान्यात, कुणाला बालगृहात, कुणाला वृद्धाश्रमात. वर्षाचे तीनशे साठ तास भरून घ्यायचे, आणि तासांच्या तक्त्यावर दर खेपेला तिथली सही आणायला लावायची. हे सगळं बाईंच्या हातात होतं. तीनशे एकोणसाठ तास भरून आलेल्या एका मुलाला त्यांनी एका तासासाठी परत पिटाळलं होतं, तेही परीक्षेच्या आदल्या दिवशी. ही गोष्ट जुनी मुलं नव्या मुलांना सांगत आणि दरवर्षी तीत थोडी भर घालत. अलीकडे तर तो मुलगा तापाने फणफणलेला असायचा.

बाई कडक होत्या, पण कामचुकार नव्हत्या. तीस मुलं, प्रत्येकाचे आठवड्याला दोन अहवाल, आणि बाई एकूण एक ओळ वाचत, लाल पेन घेऊन. तो लाल पेन त्यांच्या हाताला इतका चिकटला होता की नवऱ्याने एकदा वाणसामानाची यादी लिहून दिली, तर तीतही त्यांनी शुद्धलेखनाच्या दोन चुका काढून दिल्या. त्या दिवसापासून तो बिचारा यादी तोंडीच सांगायचा.

आणि बाईंचा एक नियम होता. तो विद्यापीठाचा नव्हे, त्यांचा स्वतःचा. नव्या वर्षी नवी मुलगी एखाद्या माणसाकडे गेली, तर गेल्या वर्षीच्या मुलीची फाइल तिला दाखवायची नाही. "पहिलीने त्या माणसाबद्दल जे मत केलं, ते दुसरीच्या डोळ्यांवर झापडासारखं बसतं," बाई म्हणत. "कोरी पाटी घेऊन जायचं. माणूस तुम्हाला पहिल्यांदा भेटतोय, तसाच भेटू द्यायचा." या कोऱ्या पाटीवर त्यांनी एका परिषदेत निबंध वाचला होता आणि टाळ्याही मिळवल्या होत्या. जुन्या फायली दोरीने बांधून कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर जात, आणि कपाटाची किल्ली बाईंच्या पर्समध्ये.

वृद्धाश्रमातले घड्याळकाका ही बाईंची लाडकी केस. केस म्हणजे माणूसच, पण फील्डवर्कमध्ये माणसाला केस म्हणतात आणि चार-सहा महिन्यांत जिभेला त्याची सवय होऊन जाते. काकांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली होती. आता हात थरथरत. घड्याळाचा स्क्रू सोडाच, पत्र लिहायचं म्हटलं तरी पेन धरवत नसे, सही तेवढी कशीबशी जमे. पण बोलणं असं, की ऐकणाऱ्याने उठूच नये. फील्डवर्कच्या पहिल्या दिवशी भल्याभल्यांची बोबडी वळते. अनोळखी माणसाला काय विचारायचं, कसं विचारायचं, आणि त्याने उलट विचारलं तर काय सांगायचं? काकांसमोर बसवलं की अशी मुलगी पंधरवड्यात बोलती व्हायची. म्हणून दरवर्षी वर्गातली सगळ्यात बुजरी मुलगी बाई हेरून ठेवत आणि तिला काका देत.

आठ वर्षांत काकाही या शिक्षणात मुरले होते. पहिला महिना विश्वास-संपादनाचा. दुसरा कुटुंबाच्या माहितीचा. मग समस्या ठरवायची, मग योजना आखायची, आणि शेवटी समारोप करायचा, म्हणजे तीन भेटींत हळूहळू निरोप घ्यायचा, माणसाला चटका लागू नये अशा बेताने. हा क्रम त्यांना मुलींपेक्षा पक्का पाठ होता. "या, बसा," ते नव्या मुलीला म्हणत, "तुमचा विश्वास-संपादनाचा महिना ना? मग आज मी बेतानेच बोलतो. पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं तर तुमच्या बाई म्हणतील, हिने घरी बसून लिहिलंय." मुलगी खुदकन हसे आणि तिचा विश्वास तिथल्या तिथे संपादन होई. तक्त्यावर सही करायचा मानही आश्रमाच्या व्यवस्थापकांनी काकांनाच दिला होता. सही करायला त्यांना पाच मिनिटं लागत, पण ते कुणाला घाई करू देत नसत.

त्यांचं मागणं एकच होतं. एकुलती एक मुलगी वीस वर्षांपूर्वी त्यांच्या मनाविरुद्ध लग्न करून गेली आणि काकांनी तिचं नाव टाकलं. पुढे तिची आई आजारी पडली. अकरा दिवस दवाखान्यात होती, अकराही दिवस "तिला बोलवा" म्हणत होती. काकांनी बोलावलं नाही. आई गेल्यावर कळवलंही नाही. आता त्यांना मुलीला एकदा समोर बसवून, स्वतःच्या तोंडाने एक गोष्ट सांगायची होती. कोणती, ते मुलींनी किती खोदून विचारलं तरी सांगत नसत. ती गोष्ट तिची आहे, तिलाच सांगेन, एवढंच म्हणत. मुलीचा पत्ता त्यांच्याकडे नव्हता आणि आपण होऊन तिच्या दारात जाऊन उभं राहायचं तोंडही नव्हतं. "आधी तिला विचारा, येशील का म्हणून," ते प्रत्येक मुलीला सांगत. "नाही म्हणाली तर मला तसं सांगा. मी काही रडणार नाही. पण विचारा."

यंदाची मुलगी बुजरी होती, पण फार उंच होती, इतकी की वर्गात तिला 'शिडी' हेच नाव पडलं होतं. उंची लपवायला ती खांदे पाडून चालायची आणि आवाजही तसाच पाडून बोलायची. बाईंनी पहिल्याच आठवड्यात तिच्या नावापुढे 'घड्याळकाका' लिहून टाकलं.

शिडीचे अहवाल सुरुवातीपासून बाईंना खटकायला लागले. तिसऱ्या अहवालात टॉवरच्या घड्याळाची गोष्ट होती, काकांनी तरुणपणी दोर बांधून वर चढून ते कसं चालू केलं त्याची. चौथ्या अहवालात तीच गोष्ट, जवळजवळ त्याच शब्दांत. पाचव्यात पुन्हा, आणि त्यात दोनदा. बाईंनी समासात लाल अक्षरांत लिहिलं, 'पुनरावृत्ती. मागील अहवालातील मजकूर उतरवू नये.'

"मॅडम, मी उतरवलं नाही," आठवड्याच्या भेटीत शिडी म्हणाली. "ते खरंच दोनदा म्हणाले."

"म्हातारी माणसं दोनदा सांगतातच. आपण एकदा लिहायचं."

शिडीने मान डोलावली आणि त्यानंतर ती एकदाच लिहू लागली. अहवाल एकदम सुधारले. बाईंनी पुढच्या पानावर 'प्रगती चांगली' असा शेराही दिला. काका मात्र तासाभरात टॉवरवर चार-चारदा चढत होते, आणि त्याची नोंद आता कुठेच होत नव्हती.

सहा महिने असे गेले. मग एका बुधवारी शिडी भेटीला आली ती बसलीच नाही.

"मॅडम, मला जुन्या फायली बघायच्यात. काकांच्या."

"नियम माहितीये ना तुला?"

"माहितीये. पण काका म्हणतात, मी आठवी. सातजणींनी त्यांच्याकडून मुलीबद्दल लिहून घेतलंय. मग कुणी ना कुणी शोधलंच असेल ना तिला?"

"काका थट्टेखोर आहेत. तू तुझ्या योजनेचं बघ. काय योजना आहे?"

"मुलीला शोधायचं."

"असं धाडकन नाही. आधी त्यांची मानसिक तयारी तपास. मुलगी नाही म्हणाली तर? त्यांच्या अपेक्षा वाढवून आपण निघून जायचं का?"

"मॅडम, आठ वर्षं तयारीच चाललीये."

"उगाच फाटे फोडू नकोस," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या मुलाची वही ओढून घेतली. भेट संपली, असा त्याचा अर्थ व्हायचा, आणि आजवर तो कळला नाही असं कुणी निघालं नव्हतं. शिडी उभीच राहिली.

"काल मी गेले तर ते म्हणाले, या, बसा, तुमचा विश्वास-संपादनाचा महिना ना? मला वाटलं, चेष्टा करतायत. मी हसले. मग म्हणाले, हसता छान, नवीन आहात का?" तिचा आवाज आता पडलेला नव्हता. "मॅडम, हा सहावा महिना आहे. आज ते मला विसरले. उद्या मुलीला विसरले तर मी कुणाला शोधून आणू?"

बाईंनी पेन खाली ठेवला. त्यांनी पर्समधून किल्ली काढली. कपाट उघडून त्या खुर्ची ओढायला वळल्या, पण शिडीने जागेवरूनच हात वर केला आणि सातही फायलींचा गठ्ठा खाली काढला. धुळीने दोघींनाही शिंका आल्या.

दुपारभर बाई त्या फायली वाचत बसल्या. अक्षरं सात तऱ्हेची होती. पहिलीचं गोलमटोल, दुसरीचं मुंगीसारखं, चौथीच्या वहीत तर कोपऱ्यात फुलं काढलेली. मजकूर मात्र एकच. पहिला महिना, दुसरा महिना, कुटुंबाचा तक्ता, आणि तक्त्यात मुलीच्या जागी 'लाडाचं नाव स्प्रिंग, एका जागी बसत नसे म्हणून.' प्रत्येक फाइलच्या शेवटी 'पुढील योजना: क्लायंटच्या मुलीचा शोध घेणे.' आणि त्याखाली समारोपाच्या तीन भेटी. एकीने लिहिलं होतं, 'क्लायंटने विचारले, शोधाचे काय? मी सांगितले, पुढच्या वर्षीची विद्यार्थिनी पाहील. क्लायंट बरं म्हणाले.' बाईंनी 'बरं म्हणाले'खाली लाल रेघ मारून बाजूला लिहिलं होतं, 'समारोप उत्तम हाताळला आहे.'

पुढच्या वर्षीच्या मुलीला हे कळणार कसं होतं? तिच्या हातात तर बाईंनी मोठ्या अभिमानाने कोरी पाटी दिलेली.

तिसऱ्या फायलीत पत्ता होता. शेवटून दुसऱ्या पानावर, कुठलाही गाजावाजा न करता लिहिलेला. 'क्लायंटच्या जुन्या शेजाऱ्यांकडून माहिती मिळाली. मुलगी चष्म्याच्या दुकानात काम करते.' खाली दुकान, रस्ता, चौक, सगळं. 'परवानगी मिळाल्यास येत्या शुक्रवारी भेटेन.' आणि समासात लाल अक्षरं, 'तूर्त परवानगी नाही. वर्षअखेरीस नवीन विषय उघडू नये. समारोपाकडे लक्ष द्यावे.' खाली सही. तारीख पाच वर्षांपूर्वीची.

आपल्याला हे आठवत नव्हतं, असं बाईंनी स्वतःला सांगून पाहिलं. तीस मुलं, शेकडो अहवाल, कुणाला आठवणार? पण खोटं स्वतःशीच बोलायचं असलं की ते फार वेळ टिकत नाही. त्यांना आठवत होतं. ती सही करताना मनात काय आलं होतं, तेसुद्धा आठवत होतं. पुढच्या वर्षीच्या मुलीला चांगलं काम उरेल, असं आलं होतं. काम शिल्लक असलेली केस शिकवायला बरी पडते. ती मिटली तर बुजऱ्या मुलींना पाठवायचं कुणाकडे? असं काही त्यांनी शब्दांत मांडलं नव्हतं, पण वागल्या तशाच होत्या, आणि एकदा नाही, सात वर्षं. बाईंना स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. शिडी समोर बसली होती म्हणून त्या रडल्या नाहीत, एवढंच.

त्यांनी आश्रमात फोन लावला. व्यवस्थापक म्हणाले, "मुलीचं ना? आम्हाला वाटलं, तुमच्याकडे चाललंय. दरवर्षी तुमची विद्यार्थिनी येऊन लिहून नेते म्हणून आम्ही त्यात हात घातला नाही."

संध्याकाळी बाई दुकानात गेल्या. महाविद्यालयापासून बसचे चार थांबे. इतकी वर्षं दुसऱ्यांना फील्डवर पाठवणाऱ्या बाईंना दुकानाच्या पायरीवर अगदी पहिल्या दिवसाच्या मुलीसारखं झालं. काय बोलायचं ते सुचेना. आत काउंटरमागे चाळिशीतली एक स्त्री डोळ्याला भिंग लावून चष्म्याच्या काडीचा स्क्रू पिळत होती. तिचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता. बाईंना विचारावं लागलं नाही.

बाईंनी सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. पाच वर्षांपूर्वीचा शेराही सांगितला. ती ऐकत होती आणि तो एवढासा स्क्रू चिमटीत धरून होती.

"पाच वर्षांपूर्वी मी याच खुर्चीवर बसत होते," ती म्हणाली. "सकाळी दहा ते रात्री आठ. कुणीही यायचं होतं."

"मी परवानगी दिली नाही."

"कुणाला?" तिने विचारलं. "तुमच्या विद्यार्थिनीला, की बाबांना?"

बाईंनी काउंटरवरच्या चष्म्यांकडे पाहिलं.

"मला वाटायचं, त्यांनी मला पार पुसून टाकलंय. आई गेली तेव्हा महिन्याने कळलं मला, तेही भलत्याच माणसाकडून. तशीच धावत घरी गेले. किती वेळ दार वाजवलं. घरात कुणी नव्हतं. मग मीही म्हटलं, जाऊ दे." तिने स्क्रू डबीत टाकला. "आता कसे आहेत?"

बाईंनी तेही सांगितलं. लवकर या, असंही म्हणाल्या. आजवर सगळ्यांना 'घाई नको' सांगत आलेल्या बाईंच्या तोंडात तो शब्द अडखळला.

मुलगी शुक्रवारी आली. बाई आणि शिडी तिला घेऊन काकांच्या खोलीपाशी गेल्या. खोली लहान होती. पलंग, कपाट, भिंतीवर काकांनी आश्रमात येताना आणलेलं लंबकाचं घड्याळ, आणि खिडकीशी समोरासमोर दोन खुर्च्या. एकीत काका. दुसरी आठ वर्षं विद्यार्थिनींची.

दारात पावलं वाजली तशी काकांनी मान वळवली. मुलीकडे नीट पाहिलं. त्यांचा चेहरा असा उजळला की बाईंच्या जिवात जीव आला.

"या, बसा," काका म्हणाले. "नवीन का? तुमचा विश्वास-संपादनाचा महिना ना?"

मुलगी जागच्या जागी थबकली. बाई पुढे होऊन सांगणार होत्या, अहो काका, ही तुमची... पण मुलीने हात मागे करून त्यांना थांबवलं. ती खुर्चीत जाऊन बसली.

"हो," ती म्हणाली.

"वही नाही आणली? तुमच्या बाई ओरडतील हो. फार कडक आहेत. मनाने वाईट नाहीत, पण कडक."

शिडीने दारातून आपली वही आणि पेन पुढे केलं.

"हां, आता कसं! तर बघा, मला एक मुलगी आहे. स्प्रिंग म्हणायचो मी तिला. एका जागी बसेल तर शपथ." समोर बसलेल्या मुलीचा पाय आता अजिबात हलत नव्हता. "मी काम करायला बसलो की मांडीशी यायची आणि स्क्रूची डबी धरायची. डबी धरली की मात्र गप्प. एक स्क्रू सांडला नाही तिने कधी. हे लिहा, बाकीच्यांनी लिहिलं नसेल."

"लिहिलं."

"दरवर्षी मुली विचारतात, काका, तिला काय सांगायचंय? मी म्हणतो, तिलाच सांगेन. पण यंदा तुम्हाला सांगून ठेवतो. हल्ली माझं डोक्यात काही राहत नाही. काल सकाळी मला आमच्या हिचा चेहरा आठवेना. तर हे जायच्या आत तुम्ही लिहून घ्या, म्हणजे कागदावर तरी राहील." त्यांनी थरथरता हात दुसऱ्या हाताने दाबून धरला. "तिची आई गेल्यावर महिन्याने ती घरी आली होती. दार वाजवत होती. बाबा, बाबा म्हणून हाका मारत होती. तिला वाटलं असेल, घरी कुणी नाही. मी होतो. आत कडीला हात लावून उभा होतो. काढायची होती हो मला कडी. पण उघडलं असतं तर तिने पहिलं विचारलं असतं, मला का नाही कळवलंत? आणि माझ्याकडे त्याला उत्तर नव्हतं. ती जिना उतरून गेली तोवर मी तसाच उभा. लिहिलं?"

पेन हलत नव्हता. "लिहिलं," मुलगी म्हणाली.

"चूक माझी होती. तिचं काहीच चुकलं नव्हतं, लग्नाचंही नाही. हे ठळक लिहा. मी तिची माफी मागतो, असं लिहा. तिला सांगाल?"

"सांगते."

"सगळ्या असंच म्हणतात," काका हसून म्हणाले. त्यांच्या हसण्यात राग नव्हता, म्हणून ते बाईंना जास्तच लागलं. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमचं वर्ष संपतं, त्याला तुम्ही तरी काय करणार? द्या, तक्ता द्या. सही राहिली."

मुलीने दाराकडे पाहिलं. बाईंच्या पिशवीत तासांचे कोरे तक्ते कायम असत. त्यांनी एक काढून दिला. काकांनी तो मांडीवर ठेवला, मुलीने खाली वही धरली, आणि पाच मिनिटं लावून त्यांनी सही केली. मुलगी डबी धरावी तशी वही धरून होती.

"पुढच्या वेळी कधी, मंगळवारी ना?"

"मंगळवारी." ती उठली. दारापर्यंत येऊन वळली आणि तिच्याने राहवलं नाही. "येते, बाबा."

काकांनी मान हलवली. "काका म्हणा. सगळ्या काकाच म्हणतात. बाबा म्हणणारी एकच आहे, ती आली की म्हणेल."

"येते, काका," मुलगी म्हणाली.

शिडी व्हरांड्यातच थांबली, भिंतीकडे तोंड करून. बाई मुलीबरोबर फाटकापर्यंत आल्या. फाटकाशी मुलगी थांबली आणि सहीचा कागद तिने घडी न घालता पर्समध्ये ठेवला.

"त्यांनी माफी मागितली," ती म्हणाली. "माझ्यासमोर बसून मागितली. पण माझ्याकडे नाही, तुमच्या विद्यार्थिनीकडे, मला पोचवायला."

"मी चुकले," बाई म्हणाल्या. "पत्ता माझ्या हातात होता. तेव्हा ते तुम्हाला ओळखत होते. मी फार मोठी चूक केली."

"हो," मुलगी म्हणाली. तिने समजूत घातली नाही आणि बाईंनी तशी अपेक्षाही केली नाही.

ती रस्त्यावर उतरली, चार पावलं गेली आणि परत आली.

"तो तासांचा कागद आणखी असेल का तुमच्याकडे? मंगळवारी ते पुन्हा सही करायला मागतील."

बाईंनी पिशवी उघडली. कोऱ्या तक्त्यांचा नवा गठ्ठा होता, पुढच्या वर्षीच्या मुलींसाठी छापून आणलेला. त्यांनी तो सगळाच्या सगळा काढला आणि न मोजता तिच्या हातात दिला.